डाव्या पायाचं इथे काम नाही

फोन ताई गेल्याचा नव्हता. दहिवलीतल्या तिच्या शेजारीण कुलकर्णी वहिनी त्या मंगळवारी सकाळी एवढंच म्हणाल्या, "नंदूभाऊ, सुधाताईंची गाडी अर्धा तास झाला अंगणात नुसती चालू आहे. हाक मारली तर ओ देत नाहीत. जरा येऊन जाता का?" मी कर्जतमध्ये राहतो, पूल ओलांडला की दहिवली. स्कूटरवरून पोचलो तेव्हा ती जुनी पांढरी व्हॅन बॉनेट उघडं टाकून संथपणे घरघरत होती आणि ताई शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, कुबडी मांडीवर आडवी ठेवून, मान किंचित खाली घालून बसली होती. हातात जुन्या सुती साडीचं पांढरं फडकं होतं, त्यावर तेलाचा गुलाबी ठिपका, अजून ओला... मी आधी गाडी बंद केली. का, ते मला आजही सांगता येत नाही. माझी मोठी बहीण, खालापूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली सुधा, अशी गाडीजवळ बसल्या बसल्या गेली. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं लिहून दिलं.

दहाव्याला नदीवर विधी चालले होते आणि आम्ही पुरुषमंडळी बाजूला उभे होतो. आमचा चुलतभाऊ श्रीकांत चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हट्टी होती सुधा. त्या भंगार गाडीपायी जीव आटवला तिनं. कधीच विकून टाकायला हवी होती." दोघांतिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, एकटी बाई, काहीतरी वेड हवंच जिवाला. मी तेव्हा गप्प बसलो. मी अशा वेळी नेहमीच गप्प बसतो, हा माझा जुना दुर्गुण आहे. पण घरी आल्यापासून ते दोन शब्द, हट्ट आणि वेड, डोक्यातून जात नाहीत. पाच आठवडे झाले तरी संताप उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय. मला लेखनाची सवय नाही. मी जन्मभर भिवपुरीच्या वीजकेंद्रात पाळ्या केल्या आणि रजिस्टरात आकडे लिहिले.

ताईला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा लुळा पडला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. आमच्या वडिलांनी तिला शिकवलं हे खरं, पण शिकून नोकरी लागल्यावर रोज खालापूरला जायचं कसं, याचा विचार कुणी केला नव्हता. एसटीची पायरी तिच्यासाठी डोंगर होती. त्या पायरीवरून ती दोनदा पडली. मग ती कुणाच्या ना कुणाच्या सोयीवर जगू लागली. शेजारच्यांची जीप, शाळेतल्या कुणाची स्कूटर, दुधाचा टेंपोसुद्धा. सगळे तिला म्हणायचे, "आम्ही आहोत ना." हे वाक्य मी तिच्या घरात इतक्यांदा ऐकलं आहे की आता कुणी म्हटलं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आम्ही आहोत ना म्हणणारा माणूस आठला येतो म्हणून साडेआठला यायचा, किंवा यायचाच नाही. ताई दहिवलीच्या नाक्यावर उभी राहायची. बसायला तिथे काही नव्हतं आणि पट्ट्यांच्या बुटावर उभं राहिलं की तिची कंबर भरून यायची. पंधरा वर्षं ती अशी उभी राहिली. तेव्हा तिला हट्टी म्हणायला कुणी आलं नाही, कारण तेव्हा ती कुणाला काही मागत नव्हती.

ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, दोनच पेडल असतात आणि दोन्ही उजव्या पायानेच दाबायची असतात, हे तिला कुठल्याशा मासिकात वाचायला मिळालं. त्या दिवशी ती माझ्या क्वार्टरवर आली आणि म्हणाली, "नंदू, म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतंच. गाड्यांत एक पेडल जास्त होतं." लायसन्स काढायला गेलो तर तिथल्या साहेबाने तिचा डावा पाय तीन वेळा निरखून बघितला, आणि उजव्याकडे एकदाही नजर टाकली नाही. ताईने तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा गेली ती फळ्यावर काढतात तशी पेडलची आकृती कागदावर काढून घेऊन. लायसन्स मिळालं. मग पुण्याच्या एका कंपनीतल्या अधिकाऱ्याची, जपानी बनावटीची, आठ जणांची जुनी व्हॅन तिने घेतली. एवढी मोठी कशाला, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, इतकी वर्षं लोकांनी मला नेलं, आता मी नेईन.

आणि तिने नेलं. मला हे सांगायचंच आहे, कारण दहाव्याच्या दिवशी कुणालाही ते आठवलं नाही. आईच्या शेवटच्या वर्षात पनवेलच्या दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्या व्हॅनने झाल्या. श्रीकांतची मांडी मोडली तेव्हा मधली सीट पाडून त्याला आडवा झोपवून कुणी नेलं? सुधाने. त्याच्या मुलीच्या लग्नात कार्यालय ते स्टेशन अशा फेऱ्या दिवसभर कुणी घातल्या? अक्षता टाकायलासुद्धा ती पोचली नाही, स्टेशनात पाहुण्यांची आगगाडी आली होती. तेव्हा ती गाडी भंगार नव्हती. तेव्हा सगळे म्हणायचे, सुधाची गाडी म्हणजे काय, घरचीच.

गाडी जपण्याची तिची एक ठरलेली पद्धत होती. मंगळवारी आणि रविवारी सकाळी अंगणातल्या सपाट जागेवर गाडी चालू करायची, गरम होऊ द्यायची, गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून पुन्हा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणायचा. मग उतरून, चालू गाडीतच, गिअरच्या तेलाची पट्टी काढायची, पांढऱ्या फडक्याला पुसायची, पुन्हा घालून पुन्हा काढायची. तेल गुलाबी असलं की ठीक. तपकिरी व्हायला लागलं किंवा जळकट वास आला की काहीतरी बिघडतंय. इंजिन बंद करून पट्टी बघणाऱ्या मेकॅनिकला ती दारातूनच परत पाठवायची. एकाने गिअरमध्ये इंजिनचं तेल ओतलं होतं, त्याला तिने उभं करून सगळं तेल काढायला लावलं. मला चालवायला शिकवतानाही तिचं वर्गातल्यासारखंच चालायचं. सवयीने माझा डावा पाय क्लच शोधायला पुढे जायचा आणि ब्रेकवर आदळायचा, गाडी गचकन थांबायची. ती शांतपणे म्हणायची, "डावा पाय मागे घे. डाव्या पायाचं इथे काम नाही." मग हसून पुढे, "माझ्याकडे बघ, मला कधी त्रास होतो का?"

आता ज्या दिवसाबद्दल सांगायला मी टाळाटाळ करतोय त्याच्याकडे येतो. मागच्या वर्षी पळसदरीला श्रीकांतच्या नव्या फार्महाउसची पूजा होती. जेवणं झाली, निघायची वेळ झाली आणि व्हॅन चालूच होईना. बॅटरी उतरली होती, दुसरं काही नाही. ताई म्हणाली, कुणाच्या तरी गाडीची बॅटरी वायरने जोडून द्या, लगेच चालू होईल. पण वायर कुणाकडे नव्हती, आणि व्हॅन नेमकी फाटकात अडकल्याने मागे पाहुण्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या. चौघांनी धक्का मारायची तयारी केली. ताईने सांगितलं की ही गाडी धक्क्याने चालू होत नाही. मग श्रीकांतने एका टेंपोवाल्याला बोलावलं. तो दोर घेऊनच आला.

"काय व्हत नाय ताई, न्यूट्रलला टाकतो न् वढत नेतो कर्जतपर्यंत. आमी रोज वढतो," तो म्हणाला. माणूस भला होता, त्याच्यावर माझा राग नाही.

ताई गाडीच्या दारात कुबडी टेकवून उभी राहिली. तिने त्या सगळ्यांना समजावून सांगितलं, अगदी सोपं करून. इंजिन बंद असलं की गिअरच्या तेलाचा पंप बंद असतो. चाकं फिरली की आतलं सगळं फिरतं, पण तेलाशिवाय, कोरडं. सहा किलोमीटर ओढलीत तर आतलं सगळं जळेल. न्यायची तर उचलून न्या, नाहीतर वायर येईपर्यंत थांबा. श्रीकांत घड्याळ बघत होता. पाहुणे हॉर्न वाजवत होते. आणि मी... ज्याने आयुष्यभर टर्बाइनच्या बेअरिंगला तेल पोचतंय की नाही हे बघण्याचाच पगार घेतला, त्या मला ती काय सांगते आहे ते तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तरी मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "ताई, बस कर. चारचौघांत तमाशा नको. आम्ही आहोत ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली. श्रीकांतच्या गाडीत मागच्या सीटवर बसून ती घरी आली. पुढे तिची व्हॅन दोराला बांधून चालली होती आणि आम्हाला ती सबंध रस्ता दिसत होती.

गिअर जळला. कर्जतला बघितलं, खोपोलीला विचारलं, सगळ्यांचं एकच, याचं सामान येत नाही, विकून टाका. कुणी म्हणालं गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी केली तीच चूक झाली. पट्टीला आलेलं तेल मी ताईच्या फडक्यावर बघितलं, काळं होतं आणि करपल्याचा वास येत होता. त्या दिवसापासून माझी बहीण पुन्हा गाडी घेण्यापूर्वीच्या जागी जाऊन उभी राहिली. फरक एवढाच की आता नाक्याऐवजी स्वतःच्या ओट्यावर.

याच काळात नलूताई आजारी पडल्या. नलिनी म्हणजे ताईची एकमेव म्हणता येईल अशी मैत्रीण, त्याच शाळेत मराठी शिकवायच्या, खालापुरात राहायच्या. दुखणं शेवटचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ताईने मला फोन केला, नंदू, मला नलूकडे घेऊन चल. मी म्हणालो, रविवारी नेतो. त्या रविवारी माझ्या सुनेचे आईवडील आले. पुढच्या रविवारी माझीच कंबर धरली होती. तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, तू नको दगदग करूस, मी भाड्याची गाडी करून जाऊन येते. आणि मला राग आला. सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर असताना बहीण भाड्याच्या गाडीने जाणार, दहिवलीतले लोक काय म्हणतील? मी तिला तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, माझ्या तोंडाला काळं फासायचं आहे का तुला? या रविवारी नक्की. ती बरं म्हणाली. माझ्या मानाला धक्का लागू नये म्हणून ती थांबली, आणि त्या आठवड्याच्या शुक्रवारी नलूताई गेल्या.

त्या शनिवारी ताईने जनार्दनला फोन लावला. जनार्दन तिचा जुना विद्यार्थी, खालापूरजवळच्या गावातला, ट्रॅक्टर आणि टेंपो दुरुस्त करतो. तो म्हणाला, "बाई, मी आशी गाडी कदी खोलली नाय. पर तुमी सांगत ऱ्हावा, मी करत जातो." मुंबईच्या भंगारबाजारात तशाच एका गाडीचा गिअर त्यानेच शोधून आणला. मग तीन आठवडे ताईच्या अंगणात जुनी चादर अंथरून काम चाललं. ताई खुर्चीत बसून मोबाइलवर त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचायची, एकेक ओळ मराठीत सांगायची, जनार्दन एकेक भाग काढायचा. निघालेला प्रत्येक भाग चादरीवर ओळीने ठेवायचा आणि त्याच्याखाली ताई खडूने आकडा घालायची, म्हणजे जोडताना उलट क्रमाने जायचं. जुन्या गिअरमधल्या जळलेल्या चकत्या तिने मला उचलून दाखवल्या. "बघ, यातही क्लच असतात. फक्त ते कुणाच्या पायाची वाट बघत नाहीत." मी मदत करतो म्हटलं तर म्हणाली, चहा टाक. तेवढंच काम मला मिळालं आणि तेवढंच मी केलं.

गाडी चालू झाली त्या सकाळी तिने कुणाला सांगितलं नाही. एकटी खालापूरला जाऊन आली. संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी विचारलं, मला का नाही नेलंस? ती म्हणाली, तुझी कंबर धरते ना. त्यात टोमणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नंतर अकरा दिवस ती रोज कुठे ना कुठे गेली. पळसदरीच्या धरणावर, भिवपुरीच्या आमच्या जुन्या क्वार्टरपर्यंत, नुसतीच चौक गावापर्यंत जाऊन परत. पेट्रोल उगाच जाळते म्हणून श्रीकांतने माझ्याकडे तक्रार केली. तिच्या शेवटच्या रविवारी तिने मला बोलावून बॉनेटपाशी उभं केलं, पट्टी काढायला लावली, ठिपका दाखवला. म्हणाली, "नीट बघून ठेव. आता तुलाच बघावं लागेल कधीतरी." मी म्हटलं, असं काय बोलतेस. तिने पट्टी पुन्हा पुसून हातात दिली. दोन दिवसांनी कुलकर्णी वहिनींचा फोन आला.

तेराव्यानंतर श्रीकांत एका भंगारवाल्याला घेऊन दहिवलीला आला. मला न विचारता. तो माणूस गाडीभोवती फिरत होता, टायरांना लाथ मारून बघत होता. या खेपेला मी गप्प बसलो नाही. पळसदरीचं सगळं त्याच्या तोंडावर म्हटलं, दोर, घड्याळ, हॉर्न, सगळं. श्रीकांत ऐकून घेऊन थंडपणे म्हणाला, "दोर मी आणवला. तिचा हात धरून बाजूला कुणी केलं?" आणि निघून गेला. दहाव्यापासून मला आलेला संताप कुणावर आहे, ते त्या वेळी मला पहिल्यांदा नीट कळलं.

मागच्या रविवारी सकाळी मी अंगणात गाडी चालू केली. गरम होऊ दिली, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून 'पी'वर आणला, उतरून पट्टी काढली. पुसायला तेच फडकं घेतलं, ते मी धुतलेलं नाही. तिचा ठिपका वाळून फिकट झाला होता, त्याच्या शेजारी माझा पडला, गुलाबी. बॉनेट लावलं आणि पळसदरीवरून खोपोली, तिथून खालापूर असा गेलो. नलूताईंच्या दारात गाडी थांबवताच त्यांची सून धावत बाहेर आली, आणि स्टिअरिंगमागे मला बघून जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"आवाज ऐकून वाटलं..." ती म्हणाली. मग मला आत बोलावलं, पाणी दिलं. शेवटी शेवटी सासूबाईंना फारसं समजत नव्हतं, असं तिने सांगितलं. पण रस्त्यावर गाडी थांबली की विचारायच्या, सुधा आली का? "आम्ही म्हणायचो, रविवारी येणार आहेत. त्या विचारायच्या, आज कोण वार? शेवटी शेवटी आम्ही रोजच शनिवार सांगायला लागलो."

मी विचारलं, हे ताईला माहीत होतं का?

"हो. त्या आल्या तेव्हा सगळं सांगितलं मी. बराच वेळ इथेच बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथे."

म्हणजे ते अकरा दिवस तिला माहीत होतं. तिने मला पट्टी बघायला शिकवली, चहा दिला, कंबर कशी आहे विचारलं, आणि हे सांगितलं नाही. तिने मला रागवायला हवं होतं. तीस वर्षं पोरांना रागावलेली बाई, तिला शब्द सापडले नसते असं नाही... मला वाचवायचा तिला काय अधिकार होता, असं मला त्या खुर्चीत बसून वाटलं, आणि अजूनही वाटतं.

निघताना गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि माझा डावा पाय आपोआप पुढे गेला, जिथे काहीच नाही तिथे दाबायला. मी तसाच थांबलो. नलूताईंची सून दारात उभी होती, पुन्हा कधी याल, असं विचारत होती. रविवारी, हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला आणि म्हणालो, उद्या. मग डावा पाय मागे घेतला.